विसळायचं पाणी

म्हसवडच्या एसटी स्टँडवर आप्पांनी माझी बॅग खिडकीतून आत ढकलली आणि गजावर हात ठेवूनच म्हणाले, "एक सांगतो. तिकडनं एक जरी तक्रार आली, तर तसंच माघारी यायाचं. मंग शाळा न्हाई आन् कालेज बी न्हाई. तुज्या चुलत्यानं स्थळ बघून ठेवलंय." आई शेजारी उभी होती. अकरावीची परीक्षा देऊन मी सांगलीला निघाले होते. विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शाळकरी मुलांसाठी सहा आठवड्यांचं उन्हाळी संशोधन शिबिर होतं, त्यात माझी निवड झाली होती.

आमच्या घराण्याला गाव सोडणं नवीन नाही. मेंढरांमागं आजोबा कुठं कुठं फिरले याला हिशेब नाही. पण मेंढरं परत येतात आणि माणसंही त्यांच्याबरोबर परत येतात. एकटी मुलगी, तीही शिकायला, अशी आमच्यातून मीच पहिली गेले. गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, आमच्या दुष्काळी माण तालुक्यापासून सांगली काही विलायत नाही, हे मलाही कळतं. तेव्हा मात्र ती विलायतच वाटली.

काम होतं विहिरींचं पाणी तपासायचं. उसाला घातलेलं खत झिरपून विहिरीत किती उतरतं, ते मोजायचं. प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी माझी नजर नळावर गेली. शुद्ध पाणी करायचं यंत्र थंड ठेवायला नळ दिवसभर सोडलेला, ते पाणी सरळ गटारात, आणि नळीतून शुद्ध पाणी पडायचं थेंब थेंब. आमच्याकडं टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. एका भांड्याचं विसळलेलं पाणी पुढच्या भांड्याला, त्याचं त्याच्या पुढच्याला आणि शेवटी राहील ते कोकरांपुढं. ते ओतून देणारीच्या पाठीत आईचा धपाटा बसायचाच.

इथं नियम होता, प्रत्येक बाटली तीनदा शुद्ध पाण्यानं विसळायची आणि ते पाणी फेकायचं. चार दिवस मी फेकलं. पाचव्या दिवशी हात धजला नाही. सिंकमध्ये टब ठेवला, विसळलेलं पाणी त्यात धरलं आणि पुढच्या बाटल्या त्यानंच धुतल्या. नितळ तर दिसत होतं. वर मनात म्हटलं, या शहाण्यांना काटकसर माहीत नाही.

चौथ्या आठवड्यात शिबिराच्या मॅडमनी काम थांबवलं. आम्ही रोज एक बाटली नुसत्या शुद्ध पाण्याची तपासायला लावायचो. तिच्यात खत शून्य यायला हवं, ते येत नव्हतं. म्हणजे बाकीचे सगळे आकडेही कचऱ्यात. संशय यंत्रावर गेला आणि यंत्र सांभाळणाऱ्या शिवामामांना लेखी खुलासा द्यायला सांगितलं गेलं. पस्तीस वर्षं तिथं काढलेला तो माणूस माझ्याशेजारी स्टुलावर बसला आणि म्हणाला, "पोरी, मशिन मी आयतवारी बी येऊन धुतलंय गं. कुठं चुकलं म्हनायचं?"

माझी नजर सिंकमधल्या टबाकडं गेली. सगळे जेवायला गेल्यावर मी टबातलं पाणी तपासलं. खताचा आकडा समोर आला, चूक माझ्या टबातच होती. पाहणारं कुणी नव्हतं. टब उपडा केला असता, तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. निदान माझ्यापुरतं. डोळ्यांसमोर शिवामामा येत होते आणि आप्पाही. खरं बोलले तर तक्रार म्हसवडला पोचणार होती, हे मला स्वच्छ दिसत होतं. दुसऱ्या दिवसापर्यंत मी गप्प राहिले, हे आज सांगायलाही लाज वाटते. मग मामा कोरा कागद घेऊन बसलेले दिसले आणि मी टब उचलून मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला.

मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "नियमाप्रमाणे पालकांना कळवावं लागेल." माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडं मेंढरं ओरडत होती. मॅडमनी सगळं सांगितलं. मी टेबलाची कड घट्ट धरली होती. मग आप्पांचा आवाज आला, "आवं मॅडम, पानी वतून द्यायचं न्हाई, हे आमीच शिकवलंय तिला. चूक तिची न्हाई, आमची हाय. तिकडची रीत तुमी शिकवा. पन तिला माघारी लावू नगासा." मला तिथंच रडू फुटलं. त्यानंतर दोन आठवड्यांत आम्ही सगळ्या विहिरींचं पाणी पुन्हा आणलं, पुन्हा तपासलं. मी प्रत्येक बाटली तीनदा विसळली आणि पाणी फेकलं.

शिबिर संपवून घरी गेले. जेवणं झाल्यावर भांडी घासायला बसले. ताट विसळलं आणि पाणी अंगणात भिरकावलं. दुसऱ्या ताटाचंही. मान वर केली तर आई दारात. टँकर त्या दिवशी आला नव्हता. मी पाठ ताठ करून धपाट्याची वाट बघत बसले. आई जवळ आली, माझ्या हातातलं ताट काढून घेतलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. दमून आलीयास. मी घासते." पाहुणीला म्हणतात तसं.

पुढं शिकले. स्थळाचा विषय आप्पांनी परत काढला नाही. आता कुपवाडला पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते, विश्रामबागेत राहते, नळाला दोन्ही वेळ पाणी असतं. गाव कुठलं विचारलं की अजून माणच सांगते आणि सांगताना आत कुठंतरी चाचपडते. गेल्या महिन्यात घरी गेले होते. आईच्या देखत मी मुद्दाम तांब्याभर पाणी ओतून दिलं आणि धपाट्यासाठी पाठ पुढं केली. आई हसली आणि दुसरा तांब्या भरून माझ्या हातात दिला.