न उठलेल्या हातांविषयी

आमच्या आमसूल उत्पादकांच्या कंपनीत अध्यक्षपदासाठी मला एकही मत पडले नव्हते, असे रामनगरच्या बाजारात आजही सांगितले जाते. हे विधान खरे आहे, आणि म्हणूनच अत्यंत दिशाभूल करणारे आहे.

त्या वेळी माझी नात बेळगावला कायदा शिकत होती आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या व्यापारी कायद्याच्या नियतकालिकाची मुख्य संपादक होती. शेतकऱ्यांच्या कंपन्यांवर लेख लिहायचा म्हणून ती दोन सहकाऱ्यांना घेऊन जोयडा तालुक्यातल्या नंदिगड्डेला आमच्या वार्षिक सभेला आली. एक बेंगळुरूचा सहसंपादक, दुसरी धारवाडची व्यवस्थापक.

तोवर आमच्या सभा आमच्या रीतीने चालत. ठराव वाचायचा आणि थोडे थांबायचे. कोणी उठून बोलला तर विरोध; सगळे गप्प राहिले की मंजूर. वडीलधाऱ्याला तोंडावर ‘होय’ म्हणणे म्हणजे आधी शंका होती, असे कबूल करणे. सहसंपादकाने मला अतिशय नम्रपणे सांगितले की कायद्याला हे चालत नाही. हात वर करून मत द्यावे लागते. लेखात आमची सभा आदर्श दिसावी, या हेतूने मी जाहीर केले, “मीच अध्यक्ष राहावे असे ज्यांना वाटते, त्यांनी हात वर करावेत.”

एकही हात हलला नाही.

पुढच्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, “हात कशाला? बस थांबवायची हाय व्हय?” माझी पत्नी हात मांडीवर ठेवून माझ्याकडे शांतपणे पाहत होती.

“म्हणजे ठराव पडला,” सहसंपादक हळूच म्हणाला.

त्या क्षणी मी रडलो, असे ती व्यवस्थापक दरवर्षी आपल्या वर्गाला सांगते म्हणे. ती आता धारवाडला कंपनी कायदा शिकवते. मी रडलो नाही. मी चष्मा पुसत होतो, आणि पुसायचा असेल तर चष्मा डोळ्यांवरून काढावा लागतो, एवढे तरी कायद्याच्या प्राध्यापिकेने जाणावे.

तेवढ्यात नात उठली. “आज्जा, मी इचारू?” असे मला म्हणून ती सभेकडे वळली. “ज्येंचा इरोध हाय, त्येंनी तेवढं हात खाली ठेवा.”

विरोधकांत मोजले जायला कोणीच तयार नव्हते. भराभर हात वर गेले. काहींनी दोन्ही केले. पत्नीनेही केला, अंमळ उशिरा.

त्या प्रसंगावरचा लेख तिघांनाही फळला. सहसंपादक आज बेंगळुरूत मोठमोठ्या कंपन्यांच्या सभा कायद्यात बसवून देतो, आणि जोयड्याला मतदान आपण शिकवले, असे भाषणांतून सांगतो. त्याने शिकवले तेव्हा मी हरलो होतो, हे तो सांगत नाही. नात हल्याळला वकिली करते. बाजाराचे म्हणणे, “बेंगळुरात न्हाई जमलं, म्हणून परत आली.” साफ खोटे. आजोबाला भरसभेत पडताना जिने पाहिले, ती हा मुलूख वाऱ्यावर सोडून जाणार नाही, इतकी सरळ ही गोष्ट आहे. तिला विचारले तर ती हसते आणि विषय बदलते. त्याचा अर्थ होकार, हे आमच्याकडे कोणीही सांगेल.

यंदाच्या सभेला तीच कंपनीची वकील होती. तिने तोच प्रश्न तशाच शब्दांत विचारला. सगळे हात वर गेले. एक गेला नाही. माझ्या पत्नीचा. नातीने घसा खाकरून जाहीर केले, “एक विरोध. ठराव मंजूर.”

अध्यक्ष मीच आहे. तरीही घरच्या बाईनेच विरोध केला, ही कथा मी घरी पोहोचण्याआधी रामनगरला पोहोचली होती. वस्तुस्थिती अशी की तिच्या हातात चुरमुऱ्यांची परात होती. हे मी त्याच संध्याकाळी तिच्यासमोर मांडले, म्हणजे पुढे वाद नको.

“परात डाव्या हातात हुती,” ती म्हणाली.

तिचे हे म्हणणे मी ग्राह्य धरत नाही.