मास्तरांची रविवारची गाडी

रिकाम्या गाडीत उभं राहून "पुढे सरका, मधे जागा हाय" असं ओरडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मास्तर. शाळेतले नव्हेत, लाल गाडीच्या कंडक्टरला आपल्याकडे मास्तरच म्हणतात. हे नांदगावकडचे. नव्वद सालानंतर कधीतरी निवृत्त झाले आणि नाशकात गंगापूर रोडच्या मागे एका पत्र्याच्या शेडमध्ये आमच्यात येऊन मिळाले.

आमच्यात म्हणजे जुन्या बस सांभाळणाऱ्या पाच-सहा हौशी माणसांत. घरचे आम्हाला रिकामटेकडे म्हणत आणि आम्ही त्या शेडला संग्रहालय म्हणत असू. पगार कुणालाच नव्हता. चार गाड्या होत्या. त्यांतली चालायची एकच, इंजिनाचं नाक पुढे आलेली. मी चित्रकलेची शिक्षिका, म्हणून पाट्या रंगवायचं काम माझ्या गळ्यात. बाकीचे इंजिनात डोकं खुपसून बसत. मास्तरांना इंजिनातलं ओ की ठो कळत नसे आणि त्याची त्यांना लाजही नव्हती.

"इंजिन ड्रायव्हरचं. माणसं माझी," असं म्हणत. दर रविवारी सकाळी आम्ही ती गाडी धरणापर्यंत नेऊन आणायचो. कुणी चढो न चढो, मास्तर इस्त्रीच्या खाकीत दारात हजर. माझ्या पाट्यांवर त्यांचा फार डोळा. "बाई, अक्षर लय सुंदर हाय, पण म्हातारीला फाट्यावरनं वाचता येत नाय. जाड काढा." मी जाम चिडायचे. मग मुकाट्यानं जाड काढायचे.

एकदा कुणाच्या तरी हट्टापायी गाडी शहरातून फिरवली आणि ती नेमकी द्वारकेच्या चौकात बंद पडली. चारी बाजूंनी हॉर्न, शिव्या, ट्रकवाल्यांच्या शिट्ट्या. आमचे इंजिनवाले बॉनेट उघडून आपसात भांडायला लागले. मास्तरांनी तोवर आतल्या एकेका माणसाला, एका रडक्या पोरासकट, रिक्षात बसवून दिलं. मग आम्हालाही हाकललं. "तुम्ही निघा, बाई. गाडी रस्त्यात टाकून कंडक्टर घरी जातो का कुठं?" संध्याकाळी आम्ही ओढायला ट्रॅक्टर घेऊन आलो तेव्हा ते दारापाशी आपल्या जागेवर शेंगा फोडत बसले होते.

पुढे शेडची जागा मालकाला हवी झाली. तीन गाड्या भंगारात गेल्या. चालणारीसाठी हायवेवरच्या एका हॉटेलवाल्यानं विचारलं. इंजिन काढून टाकायचं आणि आत टेबलं लावायची, म्हणजे पोराबाळांना मजा. आम्ही म्हटलं, निदान सांगाडा तरी राहील. मास्तर एकटे भडकले.

"त्यापरीस भंगारात द्या! गाडीत बसून लोक भजी खाणार? अरे, पण जायचं कुठं त्यांनी?"

हात वर करून ठरवलं, तेव्हा विरोधात त्यांचा एकट्याचा हात. टोपी उचलली आणि गेले. मला वाटलं होतं, घरी गेल्यावर रडू येईल. आलं नाही. मी गवार निवडत बसले.

काही वर्षांनी भाचीला घेऊन मी त्या हॉटेलात गेले. जायचं मनात नव्हतं, पण तिला गाडीतच बसून खायचं होतं. गाडी सिमेंटच्या चौथऱ्यावर चढवलेली, चाकांना पांढरा रंग, कपाळावर दिव्यांची माळ. आणि दारात मास्तर, खाकीत. पार वाळले होते. एका आजीबाईंना हात देऊन पायरी चढवत होते.

"मास्तर? तुम्ही इथे?"

"या बाई. खिडकीपाशी बसा, वारं लागंल पोरीला."

आम्ही बसलो. हॉटेलवाल्यानं नोकरीवर ठेवलंय का, असं मी विचारलं. ते माझ्याकडे बघतच राहिले, जणू मलाच खूळ लागलंय.

"नोकरी? पगार देतो म्हणला व्हता तो. मी नाय घेतला. आपल्यात कोण पगार घेतं?"

मग जरा वाकून हळू आवाजात म्हणाले, "आपली शेडवरची मंडळी बरी हायेत ना? हितं रविवारी कुणीच येत नाय. म्हटलं, कामात असतील."

"हो," मी म्हटलं. "कामात आहेत सगळे."