ऑस्टिनचा टप

पालमच्या जागीरदारांनी निजामाच्या काळी हैदराबादेहून ऑस्टिन मोटार आणली, तेव्हा तिला बघायला आसपासची गावं लोटली होती. तारांच्या आऱ्यांची चाकं, पितळी दिवे, वर कापडी टप. अठ्ठेचाळीसच्या पोलीस अ‍ॅक्शनच्या धामधुमीत ती कडब्याखाली दडवली, ती तिथंच राहिली. पुढं १९८६ साली हैदराबादच्या एका शौकीन डॉक्टरनं ती घेतली अन् दुरुस्तीला गावातल्याच नागनाथ मिस्त्रीकडं दिली.

नागनाथनं इंजिन चालू केलं. टप मात्र शिवला त्याच्या थोरल्या भावजयीनं, कमलबाईनं. गावाच्या चोळ्या-झबली शिवणारी ती. जाड कापड मशिनीखाली जाईना, तेव्हा तिनं दाभणानं टाके घातले. बोटांची चाळण झाली.

पण गाडीजवळ मिरवायची नागनाथची बायको मनकर्णा. बायकांना गादीवर बसवायची, भोंगा वाजवून दाखवायची. डॉक्टर बघायला आला, तर चहा देऊन अर्धा तास हसत बोलत उभी राहिली. कमलबाई मशिनीवरून बघत होती. हातातल्या चोळीचा टाका तिनं दोनदा उसवला.

"उद्या गाडी परभणीला पोचवायची, डाक्टर तिथंच घ्यायला येणार हाय," नागनाथ म्हणाला. "मनकर्णा येईल संगं."

'अन् मी?' हे कमलबाईनं गिळलं. टपाची मागची कड तेवढी शिवायची राहिली होती. तिथं तिनं लांब लांब कच्चे टाके घातले. गाठही मारली नाही.

दुसऱ्या दिवशी वाटेतच टप मागून उसवला. परभणीत डॉक्टर चार दोस्त घेऊन वाट बघत होता, त्यांच्यापुढं गाडी चिंधी फडफडवीत गेली. नागनाथ गाडीपाशी थांबला, मनकर्णा एकटीच यष्टीनं परत आली. तिचं उतरलेलं तोंड बघून कमलबाईला आधी बरं वाटलं.

"अक्का," मनकर्णा म्हणाली, "त्या दिवशी डाक्टरला मी छाती ठोकून सांगितलं व्हतं, आमच्या जाऊबाईच्या हातची शिवण हाय, जन्मभर उसवायची न्हाई. आज लय खाली बघावं लागलं."

कमलबाईनं रात्रीच दोऱ्याला मेण लावून ठेवलं. सकाळी दाभण अन् दोरा घेऊन ती जावेसंगं परभणीला गेली. गाडीतच मांडी घालून दिवसभर शिवत बसली. डॉक्टरनं दोन्ही हातांनी टप ओढून बघितला.

"वाह बाई, क्या हाथ है!"

फोटो काढायचं ठरलं, तर मनकर्णा कुणी म्हणायच्या आत पुढं जाऊन बसली. कमलबाई मागच्या गादीवर. पुन्हा मनकर्णाच पुढं.

परतीच्या यष्टीत तिनं खालमानेनं सांगून टाकलं, "ती कड मी मुद्दाम कच्ची ठिवली व्हती."

"ठावं हाय," मनकर्णा म्हणाली. "तुमचा टाका मी वळखत न्हाई व्हय? डाक्टरला मात्र कापड जुनं व्हतं म्हणून सांगितलं."

कमलबाईनं सरकून तिला खिडकीची जागा दिली. एवढं मोठं मन आपल्याला का दिलं नाही देवानं, असं म्हणत तिनं जावेच्या मोठेपणाचाही हेवाच केला.