दीपमालानं वाचलेला सर्व्हे

दीपमालाचं तोंड फटकळ, हे सासरी-माहेरी दोन्हीकडे मान्य होतं. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून तिला एक खोड लागली होती. कुणी टक्का सांगितला की तिचा पहिला प्रश्न, विचारायला कोण गेलं होतं? पुढाऱ्यांना हा प्रश्न आवडत नाही. तिच्या भावाला, रत्नदीपला, तर मुळीच आवडला नाही.

रत्नदीप नगराध्यक्षपदाला उभा होता. सर्व्हे चांगला निघाला तर शाळेतल्या नोकरीचा राजीनामा टाकून पूर्णवेळ प्रचाराला लागायचं, असं त्यानं ठरवलं होतं. आणि सर्व्हे निघाला झकास. प्रत्येक प्रभागात तोच पुढे.

“विचारायले कोण गेलतं?”

“आपलेच पोट्टे.”

“तुह्या नावाचे दुपट्टे घालून? मंग नाई कोण म्हणन, दादा? दारात आलेल्या माणसाले तोंडावर नाई म्हणते का कोणी आपल्याकडं? उद्या दुसऱ्या पार्टीचे गेले तर त्यायलेही ‘तुमालेच’ म्हणतीन.”

“मी निवडून येऊन राह्यलो म्हणून तुह्या पोटात दुखते!”

मग दीपमालाचंही डोकं फिरलं. तिनं अल्लीपूरच्या आपल्या विद्यार्थिनींना फोन करायला बसवलं. ओळख नाही, पाळख नाही, दारात कुणी उभं नाही. लोक भडाभडा बोलले आणि रत्नदीप सगळ्या प्रभागांत आपटला. सिंदी मेघेतल्या आपल्या कॉलेजातून तडक भावाच्या घरी येऊन तिनं ते आकडे त्याच्यापुढे टाकले.

“खोटं हाये! मले नाई म्हणणारं एक घर सांग.”

एक घर तिला चांगलं माहीत होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच तिनं जीभ आवरली. “नावं सांगायची नसतात, दादा.”

“असतीन तर सांगशील ना! जळकी कुठची!”

चहा घेऊन आलेल्या नंदिनीनं, रत्नदीपच्या बायकोनं, ट्रे टेबलावर आदळला.

“मी म्हटलं नाई. मलेही फोन आलता. ताईनं काऊन शिव्या खायच्या माह्यापायी? नोकरी सोडल्यावर लेकरायच्या ताटात काय तुमची भाषणं वाढू?”

रत्नदीपनं बायकोकडे पाहिलंसुद्धा नाही. दीपमालाला त्याची शिसारी आली. तो मात्र खुर्ची पुढे ओढून तिच्यासमोर बसला.

“बरं, हिचं उत्तर काढून टाक,” तो म्हणाला, “आन् मंग टक्का सांग.”