अर्ध्या विहिरीचे जाहीर आभार

आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत शाईपेक्षा किस्सेच जास्त सांडत. शाई निदान रॉकेलने निघे. किस्से चिकटले ते चिकटलेच. बी.ए. होऊन मी जुन्नरला बातमीदार झालो, तो अन्यायावर तुटून पडायला. संपादक भाऊसाहेबांनी पहिल्याच दिवशी माझ्या हाती चौथं पान दिलं. त्यावर एकच सदर: 'जाहीर आभार'!

"भाऊसाहेब, मी लढायला आलोय!"

"मग लढा की! एवढे सगळे आभार एका पानात बसवून दाखवा."

*

पेठेतल्या प्रेमचंद शेटजींनी वाचनालयाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. घराणं मारवाडातलं, पण शेटजींचं मराठी माझ्याहून गोड. आभार मानायला सेक्रेटरी उठले. "या घड्याळात सहा वाजले की मी थांबेन," म्हणाले.

बोलले, बोलले, बोलतच राहिले. लोकांच्या माना पडल्या, दिवे लागले, आणि घड्याळात अजून साडेपाचच! अखेर शेटजी स्वतः उठले आणि सेक्रेटरींच्या कानाशी लागले, "राव, आता आवरा. किल्ली माझ्याच खिशात राहिलीय!"

*

राजुरीचा एक शेतकरी आला. चोरीला गेलेला त्याचा बैल एका पहाटे आपोआप दावणीला आला होता.

"आभार कोणाचे लिहू? पोलिसांचे?"

"छ्या! चोराचे लिवा. बैल नेला तवा हाडं दिसत व्हती. आता बघा, कसा तुकतुकीत झालाय! लई चारलंय त्यानं."

मी भडकलो. "अहो, चोराचे आभार छापले तर तो पुन्हा येईल!"

"यिऊ द्या की, भाऊ. दुसरा बैल बी रोडावलाय."

*

पिंपळवंडीला एक वैद्यबुवा होते. रोगी अंथरुणात कण्हत असतानाच ते त्याच्या नावाने 'पूर्ण बरा झालो' असे आभार छापायला आणत. मी कागद परत केला. "हा माणूस अजून उठूनही बसत नाही!"

"म्हणूनच छापा," वैद्यबुवा म्हणाले. "चारचौघांत छापून आल्यावर पडून राहायची लाज वाटते माणसाला."

भाऊसाहेबांनी छापलं. आणि पुढच्याच बाजाराला तो रोगी काठी टेकत कचेरीत हजर! "पावणं, मला न विचारता बरं केलंत," म्हणाला. "आता गावकरी मला कामाला बोलावत्यात!"

*

हा किस्सा डिंगोऱ्याला पोचला आणि तिथून घोटाळा सुरू झाला.

डिंगोऱ्याची विहीर निम्मी खणून झाली होती. खाली कातळ लागला, तो फोडायला सुरुंग हवे होते, आणि तालुक्याचे सरकारी साहेब 'पुढल्या साली पाहू' म्हणून बसले होते. उन्हाळ्यात बायका नदीच्या वाळूत झरे उकरून वाटीवाटीने हंडा भरत. गावचे पाटील म्हणाले, "त्या रोग्यावानी साहेबाचं बी करा. इहीर झाली म्हणून आभार छापा. लाजंकाजंनं तरी सुरुंग धाडंल."

"न झालेल्या कामाचे आभार? लेखणी मोडीन!" मी गरजलो.

"मोडा," भाऊसाहेब म्हणाले, "पण आधी लिहून द्या."

छापलं. साहेब खूश! गावच समाधानी म्हटल्यावर काम पुरं झालं, असं धरून त्यांनी पहारी-घमेल्यांसकट माणसं आंबेगावच्या रस्त्याला लावली. वर निरोप, आभार स्वीकारायला साहेब जातीने येत आहेत!

पाटलांनी कपाळावर हात मारला. गावातली रखमाबाई, सगळ्यात लांबून हंडा वाहणारी म्हातारी, माझ्याकडे बघून म्हणाली, "लिवणाऱ्या, तुज्या हाताला काय म्हणावं रं!"

*

डिंगोऱ्याच्या विहिरीला पुढे पाणी लागलं. सरकारी अहवालात त्याचं श्रेय साहेबांच्या दूरदृष्टीला आहे. असेना! मी आभाराच्या मांडवात हजर होतो, म्हणून खरं कारण सांगतो.

वैशाखाचं ऊन. विहिरीच्या काठालाच मांडव, पण विहिरीच्या तोंडावर फळ्या आणि चादर टाकून वर हार मांडलेले, म्हणजे आतलं काही दिसायला नको. भाऊसाहेबांनी आभार मानले. पाटलांनी खाली मान घालून मानले. मग साहेब बोलायला उठले ते उठलेच! "आहे त्यात सुख मानावं, ते या गावाकडून शिकावं," असं त्यांनी इतक्या वेळा सांगितलं, की टिपून घेताना माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं. रागाने!

बोलून बोलून साहेबांचा घसा कोरडा पडला. ठसका लागला. त्यांनी हाताने खूण केली: पाणी!

पाटील माझ्याकडे बघतात, मी भाऊसाहेबांकडे, भाऊसाहेब आभाळाकडे.

तेवढ्यात बायकांतून रखमाबाई उठली. हातात चिंचेने घासून लखलखीत केलेला तांब्या, वर फुलपात्र पालथं. अदबीने पुढे आली, पदर सावरला, तांब्या दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरला. साहेबांनी घाईघाईने फुलपात्र सुलटं केलं, त्यावर तांब्या कलता केला. आणखी कलता केला. मग उपडाच केला. थेंब नाही.

रखमाबाई हात जोडून उभी.

"प्या की साहेब, लाजू नका. तुमच्याच इहिरीचं हाय!"