आ आईचा

आमच्या शाळेची आणि पेडगावच्या अंगणवाडीची मधली भिंत एकच. त्यामुळे पलीकडे धम्मशीलाताई काय शिकवते, हे मला माझ्या वर्गात बसून ऐकू येतं. सुरुवातीला मी यावरून तिच्याशी चांगलीच भांडले होते. पहिलीचा वर्ग माझा. लेकरं माझ्याकडे यायच्या आधीच वाचायला लागली तर मी काय माशा मारत बसू? ती हसून म्हणाली, "मॅडम, तुमी दुसरीचं शिकवा की मग." अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

ती जिंतूरकडची. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली, तेव्हा ही भावाच्या दारात न जाता इथे खोली करून राहिली. गावातली सगळी पोरं तिच्या हाताखालून गेली, पण सगळ्यांची ती ताईच. ताईखेरीज कधी कुणाची काही झाली नाही, आणि ते तिला लागत होतं. ती बोलायची नाही, मला दिसायचं.

तिच्या वर्गात एक दोरी आहे, कपडे वाळत घालायची असते तशीच. तिच्यावर चिमटे, आणि चिमट्यांना शब्द. मिठाच्या पिशवीवरून कापलेलं 'मीठ', साबणाच्या कागदावरचं नाव. एका पोराने तर एसटीच्या पाटीवरचं 'गंगाखेड' उतरवून आणलं होतं, त्याचा बाप तिकडे कारखान्यावर असतो म्हणून. सकाळी आल्या आल्या आपला शब्द शोधायचा, बोट ठेवायचं आणि मोठ्याने वाचायचा. पुस्तकातला शब्द तिला चालत नसे. पोराच्या तोंडात जो शब्द आहे, तोच आधी त्याच्या डोळ्यांपुढे ठेवायचा, हा तिचा हट्ट. हा हट्ट तिने एकदाच सोडला, मनिषासाठी.

मनिषा म्हणजे पिंकीची आई. नवरा अपघातात गेला, तेव्हा पिंकी अंगावर पीत होती. लेकराला सासूजवळ, सुलाबाईजवळ ठेवून मनिषा पुण्याला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. येणं फक्त दिवाळीला. मागच्या दिवाळीत पिंकी तिला बघून सुलाबाईच्या पदरात दडली ती बाहेर आलीच नाही. यंदा दसऱ्याला मनिषाचा ताईला फोन आला. "ताई, मला खोली मिळाली हाय. लेकराला संगं न्यावं म्हणते. पन परक्या बाईसंगं नेल्यावानी नको. तिनं मला एकदा आई म्हणावं, येवढं करा तुमी."

झालं. ताईने दोरीवर 'आई' लावलं आणि पिंकीच्या मागे लागली. माझी भिंत नुसती 'आ… ई' करत होती. दिवाळीची भेट म्हणून पोरांनी पणत्या रंगवल्या. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर गेरूच्या बोटाने नावं लिहिली, कुणी आत्याचं, कुणी मामाचं. पिंकीने 'आई' लिहिलं. ई जरा कलला होता, पण वाचता येत होता. "तुमच्यात कुठं दिवाळी असती एवढी?" असं गावातल्या एका बाईने ताईला खवचटपणे विचारलं. "लेकराच्या घरी जो सण, तो माझा," ती म्हणाली आणि पुन्हा गेरू कालवायला लागली.

सुट्टी लागायच्या दिवशी तिने सगळ्या घरच्यांना बोलावलं. मीही माझा वर्ग सोडून गेले. मनिषा सकाळच्याच गाडीने आली होती. नवी साडी नेसून ती दाराशी बसली होती, आणि सुलाबाई मागे भिंतीला टेकून. पिंकी उभी राहिली. पत्रिकेवर बोट ठेवून तिने खणखणीत वाचलं, "आई!"

मनिषाने दोन्ही हात पुढे केले. पिंकी त्या हातांच्या बाजूने पळत गेली आणि तिने पणती, पत्रिका सगळं सुलाबाईच्या मांडीवर ठेवलं.

त्या घरात आई म्हणजे सुलाबाई. मनिषाचा नवरा तिला आई म्हणायचा, मनिषा आई म्हणते, म्हणून पिंकीही. आमच्याकडे किती घरांत हे असंच असतं. रोज दुपारी सुलाबाई न्यायला आली की "आई आली!" म्हणून पिंकी ओरडायची. ताई ऐकत होती, भिंतीअलीकडे मी ऐकत होते. पण मुळाक्षरांच्या तक्त्यावर आ आईचा आणि शेजारी तरण्या बाईचं चित्र. ते पाहून आम्हा दोघींच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. मला त्या तक्त्याचा इतका राग आला की फाडून टाकावा वाटला.

सुलाबाई कावरीबावरी झाली. "अगं, मी न्हाई. ती बघ, ती तुझी आई."

पिंकीने वळून पाहिलं. "ती मनिषा हाय," ती म्हणाली.

सुलाबाईने पत्रिका उचलून मनिषाकडे धरली. मनिषाने ती घेतली नाही. "राहू द्या. तिनं बरोबर वाचलंय. तुमचीच हाय ती, आई," ती म्हणाली. मग मात्र तिला रडू आवरेना, आणि पिंकी घाबरून सुलाबाईला आणखी बिलगली.

भाऊबीज झाली आणि मनिषा एकटीच परत गेली. पिंकीला न्यायचं नाव तिने काढलं नाही. ताई तिला फाट्यापर्यंत सोडायला गेली होती. दोघी काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

सुट्टी संपली. पहिल्याच दिवशी माझ्या वर्गात पोरं लिहीत होती, शांत होती, म्हणून पलीकडचं सगळं ऐकू आलं. ताईने दोरीवरचं 'आई' काढून टाकलं होतं. आणि पिंकी आपला शब्द शोधत होती.

"ताई, माझी आई कुठं गेली?"

ताई म्हणाली, "पुण्याला गेली, बाळा."

पिंकी खळखळून हसली. "पुण्याला तर मनिषा गेली!"