अन्वरचा घोटा

परवा मुलीच्या मुरगळलेल्या पायाला निलगिरीचं तेल चोळत होतो. त्या वासाने मी थेट गुहागरच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात जाऊन पोचलो.

अन्वर आणि मी ओहोटीच्या ओल्या वाळूत एकत्रच फुटबॉल शिकलो. पुढे मस्कतच्या एका क्लबने त्याला घेतलं आणि मी बाबांच्या सुपारीच्या बागेत राहिलो. पहिल्या सुट्टीत तो घरी आला, तेव्हा अख्खा गाव त्याचा खेळ बघायला किनाऱ्यावर लोटला. आम्ही सगळे अनवाणी आणि तो क्लबच्या बुटांत. माझा एकही सामना बघायला कधी न फिरकलेले माझे बाबा लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून ओरडत होते, "शाब्बास, अन्वर!" माझं तोंड कडू झालं.

खेळ संपल्यावर अन्वरने मला सुरूंच्या आड नेलं आणि बूट काढला. घोटा काळानिळा पडून टम्म सुजला होता. त्याने पिशवीतून तेलाची बाटली काढून माझ्या हातात दिली.

"मेल्या, हळू चोळ," तो दात आवळून म्हणाला. "आणि अम्मीला सांगू नको. तिकडे कळलं तर मला काढूनच टाकतील."

त्याचे डोळे भरून आले होते. पुढच्याच वर्षी क्लबने त्याला सोडलं आणि तो तिथेच एका गोदामात कामाला लागला. त्या दुपारची त्याची भीती आज मला समजते. पण तेव्हा तेल चोळताना मला त्या सुजेचाही हेवा वाटत होता. माझे दोन्ही पाय धडधाकट होते, आणि त्यांची चौकशी कधी कोणी केलीच नव्हती.